तिसऱ्या मजल्यावरची रिकामी जागा

वहिनींचं एकूण माणसांबद्दल मत फारसं बरं नव्हतं. त्या डेंटल लॅबमध्ये कवळ्या घडवत. रोज लोकांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे समोर येत, आणि साच्यात उतरलेलं तोंड बढाया मारत नाही, ही त्या कामातली मोठी सोय होती. जिवंत तोंडं मारतात. त्यांच्या घरातलं तोंड तर उठल्यापासून मारायचं. यजमान गाद्यांच्या दुकानात विक्रेते होते. गिऱ्हाइकाला गादीवर आडवं करायचं आणि उशाशी उभं राहून गोड गोड बोलायचं, हा त्यांचा धंदा. जगातल्या कुठल्याही माणसाला 'नाही' म्हणणं त्यांच्या जिभेला जमत नसे. एका वहिनींना सोडून.

राहतं घर मालकाने विकायला काढलं, तेव्हा मुदत भरपूर दिली होती. ती सगळी मुदत यजमानांनी "होईल हो, कशाला जिवाला घोर लावून घेतेस" या एका वाक्यावर घालवली. म्हणून ऐन कडाक्याच्या थंडीत, शहाणी माणसं पांघरुणातून नाकही बाहेर काढत नाहीत अशा दिवसांत, ही दोघं घर शोधत जिने चढू-उतरू लागली. एका घरात न्हाणीघराचं दार थेट ओट्यासमोर उघडत होतं. दुसऱ्या घराच्या मालकाला एका खोलीत स्वतःचं कपाट ठेवायचं होतं, आणि अधूनमधून त्या कपाटापाशी येऊन बसायचं होतं. यजमानांना दोन्ही घरं पसंत पडली. मालक बोलायला चांगले होते म्हणे.

तिसरं घर मात्र खरंच बरं होतं. चार मजली जुनी इमारत, घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. घरमालकाचं नळ-फरशांचं दुकान होतं आणि तो त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचा. गळ्याला मफलर त्याने असा आवळून गुंडाळला होता, की डोकं कुणी पार्सल करून पाठवलंय असं वाटावं. जागा दाखवायच्या आधी त्याने जिन्यातच परीक्षा घेतली.

"भिंतीला खिळे ठोकता?"

"छे छे," यजमान म्हणाले.

"पाहुणेरावळे?"

"छे छे."

"जड सामान वगैरे?"

"छे छे," यजमान म्हणाले. लोखंडी कपाट वहिनींच्या माहेरचं असल्यामुळे ते त्यांच्या हिशेबी जड नसावं.

आत गेल्यावर वहिनींनी पाहिलं तर घरात एक पलंग होता, त्यावर नीट घडी घातलेलं ब्लँकेट होतं, खुंटीवर कोट होता.

"जुन्या भाडेकरूचं सामान आहे," मालक म्हणाला. "गेल्यातच जमा आहे तो. शनिवारी तुम्ही याल तेव्हा जागा रिकामी."

यजमान खिडकीचं कौतुक करत होते. वहिनी मोरीत डोकावल्या. बेसिनवर काचेच्या पेल्यात खालची कवळी पाण्यात ठेवलेली होती. पाणी ताजं, कवळी घासून लख्ख. गेल्यात जमा असलेला माणूस आपले दात मागे ठेवून जात नाही, एवढं कळायला काही कवळ्या घडवाव्या लागत नाहीत. वहिनींनी मालकाला तसं विचारलं.

"म्हातारा माणूस आहे," मालक म्हणाला, "विसरभोळा." आणि मफलर आणखी एक वेढा आवळला.

खोटं बोलणाऱ्या माणसाची वहिनींना चीड येत नसे, पण इतकं निष्काळजी खोटं बोलणाऱ्याची कीव यायची. तरीही त्यांनी जागेला होकार दिला, कारण बाहेर हाडं गोठत होती आणि जुन्या घरात नव्या मालकाचे रंगारी येऊन बसले होते.

शनिवारी सकाळी धाकटे दीर मित्राचा टेम्पो घेऊन आले. दिरांना वहिनी त्यातल्या त्यात सहन करत, कारण ते कमी बोलत आणि उचलत जास्त. धुकं इतकं होतं की टेम्पोचा पुढचा दिवाही टेम्पोला दिसत नव्हता. बोटं बधिर झाली होती. दोरीची गाठ मारताना ती आपलीच आहेत की दुसऱ्याची, ते पाहून खात्री करावी लागत होती. यजमानांनी कानटोपी घातली, हातमोजे घातले, वर आणखी शाल घेतली, आणि सामानाला हात न लावता सगळ्यांना सूचना केल्या. एक कुंडी तेवढी त्यांनी स्वतः उचलली. ती टेम्पोत नेऊन ठेवल्यावर ते बराच वेळ कंबर धरून उभे होते.

नव्या इमारतीपाशी पोहोचल्यावर मालकाचा पत्ता नव्हता. किल्ली त्याने आदल्या दिवशीच यजमानांच्या दुकानात पोहोचवली होती. तिघं तिसऱ्या मजल्यावर गेले. यजमानांनी मोठ्या ऐटीत किल्ली कुलपात घातली, पण ती फिरायच्या आधीच दार आतून उघडलं.

दारात एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. अंगात खुंटीवरचा तो कोट, खांद्यावर ब्लँकेट, हातात वर्तमानपत्र.

"फरमावा," ते म्हणाले.

आवाज असा होता की दिरांनी नकळत टोपी काढली. खोल, गोल, एकेक अक्षर जागच्या जागी. वहिनींना तो कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला आणि मग आठवलं: त्या लहान असताना रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या याच आवाजात लागायच्या. पूर असो, अपघात असो, कुणी मोठा माणूस गेलेला असो, हा आवाज कधी हलायचा नाही.

यजमानांनी हात जोडले. "नमस्कार काका. आम्ही नवे भाडेकरू. तुमचं काही आवरायचं राहिलं असेल तर सावकाश होऊ द्या. आम्ही थांबतो."

"'सावकाश' नव्हे, 'सावकाश'," गृहस्थ म्हणाले. दोन्हींत काय फरक होता ते कुणालाच कळलं नाही. "आणि आवरायचं काहीही राहिलेलं नाही, कारण मी कुठेही जात नाही. तुम्हाला ज्याने पाठवलं त्याला सांगा, तोंड असेल तर स्वतः वर ये."

"घरमालकांनी..."

"घरमालक," म्हाताऱ्यांनी तो शब्द तोंडात जरा घोळवला. "माझा जावई आहे तो. नळ विकतो."

दार बंद झालं. आपटलं नाही, नीट, शिस्तीत, बातम्या संपाव्यात तसं बंद झालं.

यजमानांनी जिन्यातच फोन लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की वहिनींना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हो हो, सासरेच आहेत माझे," मालक म्हणत होता. "जागा दाखवली तेव्हा गच्चीवर उन्हाला बसले होते. म्हटलं, तुम्हाला उगाच कशाला ते घरगुती सांगत बसू? मेव्हण्याकडे जायचं ठरलंय त्यांचं, फक्त पाय निघत नाही. तुम्ही असं करा, थोडं थोडं सामान आत न्यायला लागा. पलंगाशेजारी तुमचं कपाट आलं, गाद्या आल्या, की आपोआप उमजेल त्यांना. तुम्ही बोलण्यात पटाईत. मी दुकानात अडकलोय."

"बरोबर आहे तुमचं," यजमान म्हणाले. "छे छे, त्रास कसला."

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. जिन्यातला दगड कपड्यांतून पाठीला चावत होता. तर हे असं होतं. ज्या माणसाला स्वतःच्या सासऱ्यासमोर उभं राहायची छाती नाही, त्याने म्हाताऱ्याला हुसकायला भाड्याने माणसं घेतली होती, आणि वर भाडंही त्याच माणसांकडून घ्यायचं होतं. हुशारी म्हणावी तर तीही नव्हती. निव्वळ भित्रेपणा, आणि त्याला फरशीसारखी पॉलिश. आणि त्या भित्र्याला आपला नवरा "बरोबर आहे तुमचं" म्हणत होता. वहिनींना खरं तर आश्चर्य वाटायला हवं होतं. पण लग्नानंतर काही काळाने आश्चर्य वाटायचं थांबतं.

"काय करायचं दादा?" दिरांनी विचारलं. "टेम्पो मला संध्याकाळी परत द्यायचाय."

"हळूहळू आत न्यायला लागू," यजमान म्हणाले. "आधी मऊ सामान नेऊ. गाद्या. गादी बघितली की माणूस मऊ होतो."

"काही न्यायचं नाही वर," वहिनी म्हणाल्या. "भावजी, सामान पहिल्या मजल्यावर उतरवा."

"पहिल्या मजल्यावर कुठे?"

"मालकाच्या घरात."

यजमान हसले. मग वहिनींचं तोंड बघून हसायचे थांबले. "अगं, असं कसं? काय म्हणतील ते?"

"तुम्ही कुंडीजवळ उभे राहा," वहिनी म्हणाल्या. "थंडीत झाडाला जपावं लागतं."

पहिल्या मजल्यावरचं दार मालकीणबाईंनी उघडलं. ठेंगणी, गोरीपान, हाताला कणीक लागलेली. आतून हीटरची ऊब अशी अंगावर आली की वहिनींना क्षणभर मुद्दाच आठवेना. दिवाणखान्यात गालिचा, काचेचं टेबल, कोपऱ्यात एक बंद खोली आणि तिच्या दारावर 'कार्यालय' अशी पितळी पाटी.

"आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू," वहिनी म्हणाल्या. "वरची जागा रिकामी होईपर्यंत सामान इथे ठेवतो. बाहेर दंव पडतंय, गाद्या भिजतील."

मालकीणबाई काही बोलायच्या आत दीर कपाटाचं एक टोक घेऊन आत शिरले होते. दुसरं टोक वहिनींनी धरलं. कपाट गालिच्यावरून ओढलं गेलं आणि काचेच्या टेबलाला खेटून उभं राहिलं.

"पण वर तर बाबा असतात," मालकीणबाई म्हणाल्या.

"असतातच. आत्ताच भेटले."

"म्हणजे... ते तर सोमवारी भावाकडे जायचेत. ते स्वतःच म्हणाले म्हणे, इथे जिने चढवत नाहीत. मी आज त्यांचं सामान बांधायला जाणारच होते. आणि भाडेकरू? आमचं तर अजून ठरायचं होतं."

"तुमचे वडील म्हणतात ते कुठेही जाणार नाहीत. तुमचे यजमान म्हणतात, आम्ही गाद्या नेल्या की ते आपोआप जातील." वहिनींनी हातमोजे काढले. "आम्ही कवळ्या करतो बाई, आणि गाद्या विकतो. म्हातारी माणसं बाहेर काढायचं काम आम्ही घेत नाही."

मालकीणबाईंनी हातावरची कणीक एकेका बोटावरून सोडवली. घाई केली नाही. मग फोन उचलला.

"घरी या," त्या म्हणाल्या. पलीकडून काहीतरी ऐकून घेतलं. "गिऱ्हाईक राहू द्या तसंच. नळ कुठे पळून जात नाहीत."

मालक आला तोवर दिवाणखान्यात चालायला वाट उरली नव्हती. सहा गाद्या भिंतीला लावलेल्या, भांड्यांची पोती सोफ्यावर, उलटी खुर्ची काचेच्या टेबलावर. यजमान दाराशी कुंडी घेऊन उभे. मालकाने आधी गालिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि शेवटी यजमानांकडे, कारण त्या खोलीत त्याला घाबरणारा तेवढाच एक माणूस होता.

"हे काय चाललंय? शोभतं का तुम्हाला?"

"मी यांना म्हटलं होतं..." यजमान म्हणाले.

"त्यांना काय विचारता? मला सांगा," मालकीणबाई म्हणाल्या. "भावाला फोन केला होतात?"

"करणारच होतो."

"म्हणजे त्याला माहीतच नाही. आणि बाबांनाही माहीत नाही. मग सोमवारी बाबा कुठे जायचे होते?"

मालकाने मफलर सैल केला. "एखादी चांगली जागा बघितली असती. वृद्धांसाठी असतात ना सोयी. तुलाच सोपं जावं म्हणून. तू किती दमतेस वर-खाली करून."

वहिनींनी पुष्कळ बनावट दात पाहिले होते, पण इतका उघडा पडलेला माणूस पाहिला नव्हता. हिरडीसुद्धा झाकली जात नव्हती त्याची. त्यांना मजा वाटत होती, हे खोटं कशाला बोला. थंडी विसरायला झाली होती.

मालकीणबाईंनी आवाज चढवला नाही. त्या वर गेल्या. मागोमाग वहिनीही गेल्या, कारण भांडण अर्धं सोडून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

म्हातारे खुर्चीत बसून वाचत होते. मुलीने सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"मला हे माहीत होतं," ते म्हणाले. "तो दारात येऊन खोकला की मला कळतं. मी इथून हलणार नाही. नळ विकणाऱ्याच्या घरात राहण्यापेक्षा..."

"बाबा, पुरे," मालकीणबाई म्हणाल्या. "हेही नळ विकणाऱ्याचंच घर आहे. इतकी वर्षं वर बसून तुम्ही त्याच्याच वीज-पाण्यावर त्यालाच नावं ठेवता, आणि मी दोन वेळचं ताट घेऊन जिने चढते. त्याचं चुकलं. पण तुम्हीही काही गुणाचे नाही. साऱ्या जगाशी इतकं गोड बोललात, आईशी चार शब्द कधी धड बोलला नाहीत. उठा. खाली चला. त्याचं ते कार्यालय रिकामं करते मी. फरशांचे नमुने नाहीतर काय आहे त्यात."

म्हाताऱ्यांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र काखेत मारलं. मग उठले. मोरीत जाऊन खालची कवळी बसवून आले, तेव्हा चेहरा एकदम भरल्यासारखा दिसला; इतका वेळ ती एकेक अक्षरं तिच्यावाचूनच जागच्या जागी पडत होती. दारात वहिनींपाशी थांबले.

"तुम्हाला बाई, हे सगळं आवडलं," ते म्हणाले. "मी बघत होतो. तुम्हाला माणसं आवडत नाहीत. मलाही कधी आवडली नाहीत. पण माझ्याकडे आवाज होता, म्हणून कुणाला कळलं नाही. तुमच्याकडे काय आहे?"

उत्तराची वाट न पाहता म्हातारे कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले. त्यांना आधार द्यायला हात पुढे करावा की करू नये, हे ठरेपर्यंत ते वळणापलीकडे गेले होते. वहिनींना स्वतःचाच राग आला, आणि तो राग कुणावर काढावा हेही कळेना. शेवटी त्यांनी तो खाली जाऊन यजमानांवर काढला.

"कुंडी ठेवा आता," त्या म्हणाल्या. "आणि कपाटाला हात लावा."

दुपारी सामानाची अदलाबदल झाली. कार्यालयातल्या फरशा मालकाने स्वतः उचलून दुकानाच्या गाडीत घातल्या. पितळी पाटी मालकीणबाईंनी उतरवली. म्हाताऱ्यांचा पलंग, कोट आणि पुस्तकं दिरांनी मालक-यजमानांना हाताशी धरून खाली पोहोचवली आणि तीच माणसं, तेच हात, वहिनींचं सामान वर घेऊन आले. जिन्यात पलंग आणि कपाट समोरासमोर आले तेव्हा कुणी आधी सरकायचं यावर मालक आणि यजमान यांच्यात बराच वेळ "तुम्ही आधी", "छे छे, तुम्ही" चाललं होतं. दिरांनी दोघांनाही बाजूला केलं.

संध्याकाळी दीर टेम्पो घेऊन गेले. यजमान नव्या घरात पाय पसरून बसले आणि चहाचा घोट घेऊन म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? माणसाशी गोडीने वागलं की सगळं सुरळीत होतं."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नव्हती आणि वारा आत येत होता, म्हणून आधी त्यांनी फटीत वर्तमानपत्र कोंबलं.

थंडी पुढे बरीच लांबली. रोज सकाळी पहिल्या मजल्यावरून तो आवाज यायचा. म्हातारे वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, पहिल्या पानापासून हवामानापर्यंत, आणि जिन्यातून जाणारी माणसं पाऊल हळू टाकत. मालकीणबाई जिन्यात भेटल्या की वहिनींकडे बघून मान हलवत. त्यापलीकडे मैत्री वगैरे काही झाली नाही. दोघींनाही त्याची गरज वाटली नाही. आता मालकीणबाईंना ताट घेऊन जिने चढावे लागत नव्हते, आणि त्यांचा चेहरा पूर्वीपेक्षा जरा कमी ओढलेला दिसे.

मालक दुकानात लवकर जाऊ लागला आणि उशिरा परतू लागला. रविवारी मात्र दुकान बंद असायचं. सासरेबुवा त्याला समोर बसवून घेत आणि 'विक्री' आणि 'विकणे' यांतले ऱ्हस्वदीर्घ समजावून देत. दोन रविवार त्याने काढले. तिसऱ्या रविवारी सकाळी वहिनींच्या दारावर टकटक झाली.

"सहज आलो," मालक म्हणाला. "नळबिळ ठीक आहेत ना, बघावं म्हटलं."

नळ ठीक होते. तरी तो बसलाच. यजमानांनी त्याला चांगली खुर्ची दिली, उबदार शाल दिली, आणि पुढच्या रविवारीही अवश्य यायचं आमंत्रण दिलं. तो आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. स्वतःच्याच घरात तो पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचा, आणि खालून आवाज चढला की मफलर कानावर ओढून घ्यायचा.

वहिनींनी त्याला एकदाही विचारलं नाही की बाबा रे, तुला लाज वाटते का. आधी वाटलं होतं विचारावं. वाक्य तयारही होतं. पण म्हातारे दारात जे बोलून गेले होते, ते अजून कुठेतरी सलत होतं, आणि ते वाक्य आपल्याला किती गोड लागेल हे त्यांना आधीच कळून चुकलं. म्हणून त्यांनी मटारची टोपली आणून त्याच्या मांडीवर ठेवली, दुसरी यजमानांच्या मांडीवर ठेवली, आणि मधे एक पातेलं ठेवलं. दोघं शेजारी शेजारी बसून शेंगा सोलू लागले. निम्मे दाणे जमिनीवर पडत होते. "हे दाणे किती टपोरे," मालक म्हणाला. "बरोबर आहे तुमचं," यजमान म्हणाले. वहिनी खाली वाकल्या, जमिनीवरचे दाणे वेचून पातेल्यात टाकले, आणि पातेलं त्यांच्या जरा आणखी जवळ सरकवलं.